‘पालघर’ शोधलं तर जिल्हा नाही, तालुका सापडतो! जनगणनेच्या पोर्टलवरचा आकडा वापरण्याआधी हे बघा

मुंबई, पुण्यासह राज्यातल्या महापालिकांसाठी जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. त्यासाठीची प्रभागरचना २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येवर बेतलेली होती. म्हणजे यावेळी पहिल्यांदा मतदान केलेली अठरा वर्षांची मुलं त्या मोजणीच्या वेळी जेमतेम तीन वर्षांची होती. वॉर्ड किती, कुठला भाग कुठल्या प्रभागात, कुठे किती नगरसेवक हे सगळं त्या जुन्या मोजणीवरून ठरलं.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे झालीच नाही. आता नव्या जनगणनेच्या तारखा ठरल्या आहेत. घरयादीच्या टप्प्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६, प्रत्यक्ष माणसं मोजण्यासाठी फेब्रुवारी २०२७, आणि संदर्भाची तारीख १ मार्च २०२७ (बर्फाळ भागात ती आधीची, १ ऑक्टोबर २०२६). मोजणी ॲपवर होणार, जातीची नोंद होणार, आपली माहिती आपणच ऑनलाइन भरण्याची सोयही असणार. पण ते आकडे हातात येईपर्यंत गाव, तालुका, वॉर्ड या पातळीवर संपूर्ण मोजणीचा आपल्याकडे एकच साठा आहे, तो २०११ चा. आणि तो फुकट आहे, कुणालाही डाउनलोड करता येतो, फोनवरसुद्धा.

मग अडचण कुठे आहे? पोर्टल तुम्हाला तुम्ही टाइप केलेल्या शब्दाचं उत्तर देतं. तुम्हाला जे विचारायचं होतं ते वेगळं होतं, हे ते सांगत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘आपल्या जिल्ह्याची माहिती’ छापाच्या पोस्ट, कॉलेजचे प्रोजेक्ट, अगदी ग्रामसभेत वाचून दाखवलेले आकडेसुद्धा इथेच घसरतात.

आधी फाइल सापडू द्या

जनगणनेची अधिकृत साइट म्हणजे सेन्ससइंडिया डॉट गव्ह डॉट इन. तिथे ‘सेन्सस टेबल्स’ या भागात जाऊन ‘प्रायमरी सेन्सस ॲबस्ट्रॅक्ट’ असं शोधा. गावपातळीपर्यंत लोकसंख्या, घरांची संख्या, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे हे सगळं याच तक्त्यात मिळतं. क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ चालू करा, नाहीतर फिल्टरची खिडकी अर्धी स्क्रीनबाहेर राहते. फाइल एक्सेलची असते. ती गुगल शीट्समध्ये उघडा. अख्ख्या राज्याची फाइल स्वस्तातल्या फोनला जड जाते, त्यामुळे शक्य असेल तिथे एकाच जिल्ह्याची घ्या.

आता शोधायला लागलात की पहिला धक्का स्पेलिंगचा. बीड शोधताना आपण इंग्रजीत दोन ‘ई’ टाकतो. जनगणनेच्या फाइलमध्ये ते बी-आय-डी, ‘बिड’ आहे. रायगडच्या शेवटी ‘आर-एच’ आहे, म्हणजे ‘रायगढ’. गोंदियात ‘वाय’ येतो. आणि छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं या फाइलमध्ये असणारच नाहीत, कारण पहिली दोन जिल्ह्यांना २०२३ मध्ये मिळाली आणि तिसरं २०२४ मध्ये. तिथे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर हेच शोधावं लागतं.

यावर सोपा उपाय आहे : नावाऐवजी कोड लक्षात ठेवायचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७ आणि जिल्ह्यांचे कोड नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत. बीड ५२३, अहमदनगर ५२२, ठाणे ५१७. नाव बदललं म्हणून जुन्या फाइलमधला कोड बदलत नाही. गावांनाही असेच सहा आकडी कोड आहेत, आणि एका जिल्ह्यात एकाच नावाची दोन-तीन गावं असणं आपल्याकडे काही नवं नाही. ‘पिंपळगाव’ किंवा ‘वडगाव’ शोधून बघा, लगेच कळेल.

दुसरा धक्का म्हणजे ‘तालुका’ हा शब्दच सापडत नाही. तिथे त्याला ‘सब-डिस्ट्रिक्ट’ म्हटलंय.

तिसरा सगळ्यात महागात पडणारा. या तक्त्यात एका जिल्ह्याच्या तीन ओळी असतात : टोटल, रूरल आणि अर्बन. खाली परत तालुक्यांच्या ओळी, त्यांच्याखाली गावांच्या. तुम्ही अख्खा रकाना सिलेक्ट करून बेरीज मारली तर एकच माणूस अनेकदा मोजला जातो. त्यामुळे आधी फिल्टर लावा (पातळी कुठली, आणि टोटल-रूरल-अर्बनपैकी काय), मग बेरीज करा.

साक्षरतेचं प्रमाण या तक्त्यात तयार मिळत नाही, फक्त साक्षरांची संख्या मिळते. मग बरेच जण तिला एकूण लोकसंख्येने भागतात. महाराष्ट्रासाठी तसं केलं तर ७२.६ टक्के येतात. प्रत्यक्षात २०११ चा अधिकृत आकडा आहे ८२.३४ टक्के. फरक कशामुळे? साक्षरता सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांचीच मोजतात. एकूण ११,२३,७४,३३३ मधून सहा वर्षांपर्यंतची १,३३,२६,५१७ मुलं वजा करायची आणि मग ८,१५,५४,२९० साक्षरांना त्या उत्तराने भागायचं. बरोबर ८२.३४ येतं. आपण फाइल नीट वाचतोय की नाही याची ही उत्तम परीक्षा आहे. आधी हा राज्याचा आकडा जमवून बघा, मगच तालुक्याकडे वळा.

पालघरचं काय झालं

२०११ मध्ये ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता : १,१०,६०,१४८. तीन वर्षांनी, १ ऑगस्ट २०१४ ला, त्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्यामुळे २०११ च्या फाइलमध्ये राज्याचे जिल्हे ३५ आहेत, ३६ नाहीत. ‘पालघर’ टाइप केलं की समोर येतो तो पालघर तालुका, सुमारे साडेपाच लाखांचा. घाईत तोच आकडा जिल्ह्याचा म्हणून उचलला, तर चोवीस लाखांहून जास्त माणसं गायब.

खरा आकडा काढायला मात्र फार कष्ट नाहीत. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड या आठ तालुक्यांच्या ‘टोटल’ ओळी घ्या आणि बेरीज करा. २९,९०,११६ येतात. उरलेल्या सात तालुक्यांचं आजचं ठाणं ८०,७०,०३२ चं. ही दोन मिनिटांची बेरीज केलेली नसेल तर आजच्या ठाणे जिल्ह्यासाठी लोक अजूनही एक कोटी दहा लाख वापरतात, आणि वर पालघर वेगळं धरतात. म्हणजे वसई-डहाणूची माणसं दोनदा!

पण लोकसंख्येपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण होतं जवळपास १४ टक्के. आठ तालुके वेगळे काढले की पालघरमध्ये ते ३७ टक्क्यांच्या वर जातं आणि उरलेल्या ठाण्यात ५ टक्क्यांच्या आसपास येतं. माणसं तीच, मोजणी तीच, नुसती रेघ वेगळी मारली. १४ टक्के हा आकडा ठाणे शहराचंही वर्णन करत नव्हता आणि जव्हार-मोखाड्याचंही, जिथे दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत. जिल्ह्याची सरासरी अशीच असते. कल्याण-ठाण्याच्या गर्दीत मोखाड्याचं कुपोषण, शाळा, रस्ते हे सगळं सरासरीत विरघळून जातं. म्हणून आकडा जिल्ह्याचा मिळाला की तिथे थांबायचं नाही, तालुक्याच्या ओळी बघायच्याच.

शहरांतही हेच होतं, फक्त उलट दिशेने. पुणे महापालिकेची २०११ ची लोकसंख्या ३१,२४,४५८. नंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. वाघोली त्यातलीच. आज वाघोलीत फ्लॅट घेऊन राहणारा आयटीवाला स्वतःला पुणेकर समजतो, महापालिकेचा कर भरतो (आणि ट्रॅफिकला शिव्या घालतो), पण २०११ च्या फाइलमध्ये वाघोली हवेली तालुक्यात आहे, महापालिकेच्या आकड्यात नाही. ‘पुण्याची लोकसंख्या दहा-बारा वर्षांत इतकी वाढली’ असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारा : हद्द कुठली धरली?

हे आकडे कुणाच्या ताटापर्यंत जातात

‘जुना आकडा असला म्हणून काय बिघडलं’ असं वाटत असेल तर रेशनचं उदाहरण घ्या.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. देशातल्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत लोकांना सवलतीचं धान्य, ही त्याची मर्यादा. राज्यनिहाय टक्के केंद्राने ठरवून दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागासाठी ७६.३२ आणि शहरी भागासाठी ४५.३४ टक्के आले. आणि कायद्याच्या कलम ९ मध्ये लिहिलंय की माणसांची संख्या, ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झालेले आहेत तिच्यावरून काढायची. म्हणजे अजूनही २०११.

आता पोर्टल उघडून स्वतःच हिशेब करा. महाराष्ट्राची २०११ ची ग्रामीण लोकसंख्या ६,१५,५६,०७४. तिचे ७६.३२ टक्के म्हणजे सुमारे ४ कोटी ७० लाख. शहरी ५,०८,१८,२५९. तिचे ४५.३४ टक्के म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाख. बेरीज सात कोटींच्या किंचित वर. राज्याला मंजूर असलेली लाभार्थींची कमाल संख्याही तेवढीच आहे, काही हजारांच्या फरकाने. रेशनच्या भाषेत यालाच ‘इष्टांक’ म्हणतात. ‘तुमचं उत्पन्न बसतंय हो, पण इष्टांक शिल्लक नाही,’ हे वाक्य ज्यांनी तहसील कार्यालयात ऐकलंय, त्यांच्यासाठी त्या वाक्याचा उगम हा असा पोर्टलवरच्या दोन रकान्यांत आहे.

प्राधान्य कुटुंबासाठी राज्यात उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार ठेवलेली आहे. त्या मर्यादेत बसणारं, २०११ नंतर लग्न करून वेगळं झालेलं कुटुंब घ्या. किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं. ती खरी आहेत, त्यांना भूक लागते, पण एकूण कोट्यात त्यांची गणतीच नाही. कुणाचं तरी नाव कमी झालं तरच त्यांचं चढणार. राज्याची लोकसंख्या आता बारा कोटींच्या पुढे गेलीय हे सरकारच्याच तांत्रिक गटाचे अंदाज सांगतात. पण ते अंदाज राज्यापुरते आहेत. तालुक्याचं आज काय, हे त्यांतून कळत नाही.

माझ्या मते जनगणना लांबल्याचा सगळ्यात मोठा फटका अर्थशास्त्रज्ञांना बसलेला नाही, तो इथे बसलाय. जातीच्या रकान्यावर जितकी चर्चा झाली त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही या इष्टांकावर होत नाही.

सर्वेक्षण आणि जनगणना एक नव्हे

जुन्या जनगणनेला कंटाळून लोक राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे वळतात. चांगली गोष्ट आहे. पाचव्या फेरीत प्रत्येक जिल्ह्याची सहा-सात पानी माहितीपत्रिका आहे, शंभरावर निर्देशक आहेत, पीडीएफ फोनवर पटकन उघडते. बालविवाहाचा आकडा बघा : २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७, परभणीत ४८. राज्याची सरासरी काय लपवते हे इथेही दिसतं.

पण यात सगळ्यांना मोजलेलं नाही. महाराष्ट्रात ३१,६४३ कुटुंबांना विचारलं, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ८८० च्या आसपास. त्यामुळे या सर्वेक्षणातून ‘आपल्या तालुक्याचा’ आकडा निघूच शकत नाही. कुणी तसा दिला तर तो कुठून आणला ते विचारा. पत्रिकेत काही आकडे कंसात असतात, काहींच्या जागी चांदणी. कंस म्हणजे उत्तरं २५ ते ४९ इतकीच होती, जपून वापरा. चांदणी म्हणजे २५ पेक्षाही कमी, म्हणून छापलाच नाही. ‘जुलाब झालेल्या मुलांपैकी किती जणांना ओआरएस दिलं’ अशा प्रश्नांना हे कंस हमखास दिसतात, कारण पाहणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत जुलाब झालेली मुलं मुळातच थोडी. पोस्टर बनवताना सगळे कंस काढून टाकतात, आणि तिथे आकड्याचा अर्थ बदलतो.

आणखी एक बारीक गोष्ट. ही फेरी ‘२०१९-२१’ म्हणून ओळखली जाते. म्हणून ‘लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात बालविवाह वाढले’ याला पुरावा म्हणून तिचे आकडे जोडले जातात. महाराष्ट्रातलं प्रत्यक्ष काम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं होतं. लॉकडाऊन मार्च २०२० चा! बालविवाह वाढलेही असतील, पण या पत्रिकेतून ते सिद्ध होत नाही. तसंच चौथ्या फेरीतलं ठाणे आणि पाचव्या फेरीतलं ठाणे यांची थेट तुलना करू नका. पहिल्यात पालघर आत आहे, दुसऱ्यात वेगळं.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचं ‘ई-सांख्यिकी’ पोर्टल जून २०२४ मध्ये सुरू झालं. महागाई, रोजगार, उद्योग यांचे आकडे तिथे फिल्टर लावून मिळतात, आणि दिसायला ते जनगणनेच्या साइटपेक्षा खूपच बरं आहे. पण बहुतेक माहिती देश किंवा राज्य पातळीवरची आहे. जिल्ह्याच्या प्रश्नाला तिथे लगेच उत्तर मिळेल या आशेने जाऊ नका.

चॅटबॉटला विचारलं तर?

विचारा, पण आकडा विचारू नका. ‘मोखाड्यात साक्षर किती’ असं विचारलं की ठणठणीत आत्मविश्वासाने एक संख्या येते. ती २०११ ची आहे, २००१ ची आहे की कुठल्या तरी जाहिरातबाज साइटवरची, हे तुम्हाला कळत नाही. अशा साइट्स २०११ च्या संख्येला ठरावीक टक्क्यांनी वाढवून ‘२०२५ ची लोकसंख्या’ म्हणून छापतात. गावाचं नाव एकसारखं असलं की मग तर विचारूच नका. त्याऐवजी फाइल तुम्ही उतरवा, ओळी तुम्ही निवडा, आणि ‘या रकान्यातून साक्षरता दर काढायचं सूत्र काय’ एवढंच चॅटबॉटला विचारा. त्या कामाला तो उपयोगी आहे.

राज्याच्या बाजूने बघायचं तर अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ काढतं. जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न त्यात मिळतं. त्यांचंच ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ फारसं कुणाला माहीत नसतं, पण शाळा, दवाखाने, सिंचन, पिकं यांची तालुकावार माहिती हवी तर तेच बघा. जुन्या मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की अनेकदा अगम्य चिन्हं येतात, कारण फॉन्ट युनिकोड नसतो. तिथे स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सने वाचून घ्या, आणि उतरलेले आकडे एकदा मूळ पानाशी ताडून बघा. देवनागरी १ आणि ९ मध्ये लेन्स गडबडतं.

गावातल्या सोयींसाठी २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका अजूनही कामाची आहे. गावात दवाखाना नसेल तर त्या रकान्यात ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ दिसेल. ए म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, बी म्हणजे पाच ते दहा, सी म्हणजे दहाच्या पुढे. तुमच्या गावासमोर तेव्हा काय लिहिलं होतं आणि आज रस्ता किती आहे, ही तुलना ग्रामसभेत मांडायला कुठलाही सॉफ्टवेअर कोर्स लागत नाही.

२०२७ चे आकडे येतील तेव्हा हद्दींचा घोळ पुन्हा होणार आहे. जनगणनेसाठी जिल्हे, तालुके, गावं, शहरं यांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या आहेत. त्या तारखेला जे होतं त्यानुसारच आकडे छापले जातील. जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करायची असेल तर २०११ च्या फाइलमधून आपल्या आजच्या तालुक्यातली गावं आत्ताच वेगळी काढून ठेवा. नावासोबत गावाचा सहा आकडी कोड, आणि फाइल कुठून, कुठल्या तारखेला उतरवली ते शीटच्या पहिल्या ओळीत लिहा. सरकारी साइट्सची रचना बदलली की जुन्या लिंक मरतात, त्यामुळे फाइल ड्राइव्हवर असू द्या, नुसता बुकमार्क नको.